पंखा कुणाचं ऐकतो?

मोटारगाडीची एक गोष्ट मला कायम गमतीची वाटत आली आहे. माणूस पळाला की तापतो आणि उभा राहिला की थंड होतो. गाडीचं बरोबर उलटं. पळत असते तोवर काटा शहाण्यासारखा मध्यावर, आणि जरा कुठे रांगेत उभी राहिली की पाणी उकळायला लागतं.

कारण तसं सोपं आहे. गाडी पळते तेव्हा इंजिन उष्णता जास्त तयार करतं हे खरं, पण समोरून वारा फुकट मिळतो. रेडिएटरच्या जाळीतून तो आरपार जातो आणि पाण्यातली उष्णता घेऊन जातो. गाडी उभी राहिली की वारा बंद, इंजिन मात्र चालूच. अशा वेळी एकच आधार उरतो, तो म्हणजे जाळीमागचा पंखा.

आता हे गोंदियाच्या मे महिन्यात कल्पून बघा. पारा ४३-४४ वर आहे. हावडा-मुंबई मुख्य रेल्वेमार्ग जिल्ह्याच्या अंगावरून जातो, त्यामुळे फाटकाशी थांबण्याचं सुख आमच्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. मालगाडी गेली, आता उघडेल म्हणून कुणी इंजिन बंद करत नाही, तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एक्स्प्रेस येते... त्या दहा मिनिटांत गाडीचा जीव पंख्याच्या हातात असतो.

तर मंडळी, आजचा लेख या पंख्याबद्दल. तो हुकूम कुणाचा मानतो, हे गेल्या सव्वाशे वर्षांत दोनदा बदललं. आणि ते बदललं हे लक्षात न घेता पंखा बदलला तर काय होतं, याचं एक घरचं उदाहरणही पुढे येणार आहे. (ज्याचं उदाहरण आहे त्याची परवानगी घेतली आहे, तेव्हा नातेवाईकांनी फोनाफोनी करू नये!)

पंख्याआधी

१८८६ च्या कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत पंखा नव्हता, आजच्यासारखा रेडिएटरही नव्हता. इंजिनाभोवती पाणी असायचं, ते उकळून वाफ होऊन उडून जायचं, आणि आपण वरून पुन्हा ओतायचं. १८८८ साली बेंझची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली, तो शंभरेक किलोमीटरचा प्रवास प्रसिद्धच आहे. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घ्यावं लागलं हे सगळे सांगतात. पण तिला त्याहून जास्त वेळा थांबावं लागलं ते पाण्यासाठी.

आपल्याकडच्या जुन्या लोकांनी याच्या जवळचं एक यंत्र पाहिलेलं आहे, ते म्हणजे गिरणीचं ऑइल इंजिन. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढे तशी इंजिनं गावोगाव पोचली. पिठाच्या गिरणीत, धान भरडायच्या गिरणीत, विहिरीवर. इंजिनाशेजारी पाण्याची टाकी असायची. खालच्या नळीने गार पाणी इंजिनात जाई, तापलं की हलकं होऊन वरच्या नळीने परत टाकीत येई. ना पंप, ना पंखा. टाकी मोठी असल्याने हे जमायचं, आणि गिरणीला कुठे जायचंही नसायचं. पण गाडीत एवढी टाकी नेणार कशी?

त्याचं उत्तर विल्हेल्म मायबाखने शोधलं. १९०१ च्या मर्सिडीजसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटरच्या ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाणार, बाहेरून पाणी. हवेला भिडणारा पृष्ठभाग एवढा वाढला की थोड्या पाण्यात काम भागलं. आणि गाडी हळू चालताना वारा कमी पडू नये म्हणून मागे एक पंखा बसवला. तिथून पुढे पंखा गाडीच्या नाकामागे जो बसला, तो आजपर्यंत.

पहिला मालक : इंजिन

सुरुवातीचे पंखे इंजिनाचेच गुलाम. इंजिनाच्या दांड्यावरून पट्टा घ्यायचा आणि पंखा फिरवायचा. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्येही हेच. आपली अँबेसेडर आणि कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, दोन्हींत हाच कारभार. या गाड्यांमध्ये एकच फॅनबेल्ट पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो (नंतर अल्टरनेटर) असे तिघांना फिरवायचा.

यात एक मोठा दोष होता. पंखा इंजिनाच्या वेगाने चालणार, म्हणजे हायवेवर समोरून भरपूर वारा मिळत असताना हा जोरजोरात फिरून पेट्रोल खाणार, आणि फाटकाशी गाडी उभी असताना, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हा इंजिन संथ म्हणून हाही संथ! म्हणूनच जुने ड्रायव्हर उभ्या गाडीतही मधूनमधून रेस देत बसायचे. आम्हाला वाटायचं, उगाच रुबाब करताहेत. ते बिचारे पंखा फिरवत होते.

पण याच व्यवस्थेत एक मोठा गुणही होता. बिघाड लपत नसे. पट्टा सैल झाला की किंचाळायचा. तुटला की पंखा, पंप आणि चार्जिंग तिन्ही एकदम बंद. डॅशबोर्डवर लाल दिवा पेटायचा, बोनेट उघडलं की तुटका पट्टा समोर लोंबत असायचा. यात निदान करण्यासारखं काही नव्हतंच, डोळे असले की पुरे. अडल्या वेळी दोरी नाहीतर नायलॉनचं कापड पिळून त्याचा पट्टा करून गाव गाठल्याच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या असतील. त्यातल्या निम्म्या थापा धरल्या तरी तसा प्रयत्न करणं शक्य होतं, कारण काय मोडलंय ते दिसत होतं.

दुसरा मालक : उष्णता

मग इंजिनच आडवं झालं. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत जागा वाचवायला इंजिन रुंदीत बसवायला लागले. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत इंजिन आडवं होतं, तेव्हा पट्ट्याचा पंखा ठेवण्यासाठी त्यांनी रेडिएटरच उचलून बाजूला, चाकाच्या कमानीकडे नेला. १९६९ च्या फियाट १२८ मध्ये रेडिएटर पुढे, वाऱ्यासमोर, ठेवला. पण आता इंजिनाचं टोक बाजूच्या चाकाकडे आणि पंखा समोर, पट्टा पोचणार कसा? म्हणून पंख्याला स्वतःची विजेची मोटर दिली. पुढे १९७३ च्या तेलसंकटानंतर थेंब थेंब पेट्रोलचा हिशेब सुरू झाला, तेव्हा गरजेपुरताच फिरणारा पंखा सगळ्यांनाच आवडू लागला.

गंमत बघा. तुरिनची फियाट १९६९ मध्ये विजेच्या पंख्यावर गेली, आणि तिच्याच जुन्या ११०० चा वारसा सांगणारी आपली पद्मिनी पट्ट्याचा पंखा घेऊन पुढेही कित्येक वर्षं कुर्ल्यात बनत राहिली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी तर ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

आपल्याकडे हा बदल घरोघरी आणला तो मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली. आडवं इंजिन, पुढची चाकं ओढणारं, आणि विजेचा पंखा. अँबेसेडरवर हात बसलेल्या मेकॅनिकला हा प्रकार नवलाचा वाटला असणार. इंजिन चालू आणि पंखा बंद! आणि कधी इंजिन बंद केल्यावरही पंखा आपला फिरतोच आहे!

हा पंखा इंजिनाचं ऐकत नव्हता, तो उष्णतेचं ऐकत होता. पाण्याच्या वाटेवर एक थर्मोस्विच बसवलेला असे. पाणी नव्वदीच्या वर ठरलेल्या अंशाला पोचलं की स्विच जोडला जाई, थोडं उतरलं की सुटे. आता मोटरला दहा-बारा अँपिअर किंवा जास्तही करंट लागतो. एवढा भार नाजूक स्विचला झेपत नाही, म्हणून मध्ये रिले. रिले हा शब्द मूळचा ताज्या दमाच्या घोड्यांचा. लांबच्या प्रवासात टप्प्यावर दमलेले घोडे सोडून नवे जुंपत, तो हा रिले. १८३० च्या दशकात तारायंत्राच्या खटपटीतून विजेचा रिले आला. क्षीण झालेला संदेश एका चुंबकाला जागा करतो आणि ते चुंबक ताज्या बॅटरीचा जोरदार प्रवाह पुढे पाठवतं. आपल्या बोनेटखालची काळी डबी हेच करते.

तिसरा मालक : कॉम्प्युटर

३० डिसेंबर १९९८ ला पुण्याची टाटा इंडिका बाजारात आली. त्यानंतर चारच महिन्यांनी, १ मे १९९९ ला, भंडाऱ्यातून वेगळा होऊन आमचा गोंदिया जिल्हा झाला. (दोघांचा काही संबंध नाही, पण आमच्या लक्षात राहण्याची सोय झाली.) २००० च्या प्रदूषण नियमांनंतर कार्ब्युरेटर मागे पडत गेला, एमपीएफआय आलं आणि गाडीत एक छोटा कॉम्प्युटर बसला. मग पंख्याचा कारभारही हळूहळू त्याच्याकडे गेला. सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो, कॉम्प्युटर विचार करतो (एसी चालू आहे का, गाडी किती वेगात आहे), तो रिलेला सांगतो, रिले मोटरला.

म्हणजे पट्ट्याच्या काळात पंखा आणि इंजिन यांच्यात एक रबरी पट्टा होता. आता सेन्सर, कॉम्प्युटर, फ्यूज, रिले, कपलर, दोन वायरी आणि अर्थिंग एवढी मंडळी आहेत. यातलं कुणीही रुसलं तरी दिसतं एकच, पंखा फिरत नाही. आणि तेही हायवेवर कळत नाही. पंखा मेलेली गाडी गोंदियाहून निघून अर्ध्या वाटेपर्यंत सुखाने जाईल. लाल दिवा नाही, किंचाळी नाही. रांग लागली की मगच.

घरचं उदाहरण

माझा मावसभाऊ गोंदियाला असतो. त्याच्या वडिलांना, आमच्या काकांना, दर महिन्याला तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं. गाडी जुनी पण बरी. एप्रिलमध्ये पंख्याची मोटर जाम झाली. पुढच्या तारखेला चारच दिवस होते आणि नेहमीचा मेकॅनिक गावाला गेलेला. भावाने बाजारातून मोटर आणली आणि अंगणात स्वतः बसवली. त्यात वाईट काही नाही, चार बोल्ट आणि एक कपलर एवढंच ते काम. फक्त नव्या मोटरचा कपलर जुन्यात बसेना. मग त्याने दोन्ही कापले, वायरी पिळून जोडल्या आणि टेप गुंडाळली. गाडी चालू केली, काटा चढला, पंखा फिरू लागला. काम झालं!

त्या महिन्यात साकोलीपर्यंत काटा गप्प होता. भंडाऱ्याजवळ वैनगंगेच्या पुलापाशी रांग लागली आणि तो वर सरकायला लागला. काका मागे, बाहेर आग ओकणारं ऊन. भावाने शहाणपणाने एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला (हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता आत घेतो), आणि शेवटी गाडी कडेला सावलीत घेऊन बंद केली. डोक्याला ओला पंचा बांधून काका तासभर तिथे बसले. तपासणीची वेळ चुकली ती चुकलीच.

रात्री फोन आला. "पंखा तं फिरून राहिला ना दादा, मग गाडी काऊन गरम होते?"

गॅरेजमध्ये त्याला तीन सल्ले मिळाले होते. थर्मोस्टॅट बदला, पाण्याचा पंप बदला, रेडिएटर बदला. तिन्ही शक्य होते. पण त्याने सांगितलेल्या एका गोष्टीत उत्तर दडलेलं होतं. पंखा लागल्यावर काटा खाली यायच्या ऐवजी वर जात होता, आणि पंखा एकदा लागला की बंदच होत नव्हता. म्हणजे सेन्सर जागा आहे, कॉम्प्युटर हुकूम देतोय, रिले तो पाळतोय, मोटर फिरतेय. सगळी साखळी आज्ञाधारक आहे आणि तरी काम होत नाही. मग शंका एकच. हवा जातेय कुठे?

त्याला म्हटलं, पंखा चालू असताना वर्तमानपत्राचा एक तुकडा गाडीच्या समोरून जाळीजवळ धर, हात मात्र आत घालू नको. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर त्याने हवा समोरून आत ओढायची, कागद जाळीला चिकटला पाहिजे. त्याचा कागद बाहेर उडाला.

मोटर उलटी फिरत होती. या मोटरमध्ये कायमचं चुंबक असतं, वायरींची अदलाबदल झाली की ती तक्रार न करता उलट्या दिशेने फिरते. पात्यांचा आकार उलट्या दिशेसाठी नसतो, त्यामुळे हवा थोडीच हलते, आणि जी हलते ती इंजिनाकडची गरम हवा जाळीतून पुढे ढकलते. हळू चालताना तर समोरून येणारा वारा आणि हा पंखा एकमेकांशी भांडत बसतात. वायरी बदलल्या, काटा उतरला. पिळलेला सांधा हाताला गरम लागत होता, तोही नीट झाळून घेतला. एकूण खर्च नगण्य. पुढची नागपूरची फेरी वेळेवर झाली.

कुणाला काय विचारायचं

हा किस्सा सांगितल्यावर बऱ्याच जणांनी "मग आम्ही काय बघायचं" असं विचारलं, म्हणून क्रम लिहून ठेवतो. तत्त्व एकच. शेवटच्या माणसापासून सुरुवात करून एकेकाला विचारत मालकापर्यंत जायचं.

पहिला प्रश्न मोटरला. कपलर काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरली नाही तर नवी असली तरी मोटर खराब. फिरली तर दिशा बघा, कागद धरा. काही गाड्यांत एसीचा पंखा जाळीच्या पुढे असतो आणि तो हवा मागे ढकलतो, पण हवा इंजिनाकडे जायची हे दोन्हीकडे सारखंच.

दुसरा प्रश्न वायरींना. इथे मल्टिमीटर फसवतो. तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातूनही १२ व्होल्ट दाखवतो. समजा सांध्यात ०.३ ओहम अडथळा आहे आणि मोटर १० अँपिअर मागते. तर ३ व्होल्ट तिथेच संपले आणि ३० वॅट उष्णता सांध्यात तयार झाली. कपलर वितळतात ते यामुळे. त्यापेक्षा हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब लावून बघा. तो साडेचार अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर वायर आणि अर्थिंग ठीक, मिणमिणला तर नाही.

तिसरा फ्यूजला आणि रिलेला. हॉर्नचा रिले तसाच असेल तर अदलाबदल करून पाहणं सर्वांत स्वस्त. रिलेच्या खाली बहुधा ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५-८६ हे हुकूम घेणारे, ३०-८७ हे भार वाहणारे. टिक असा आवाज येऊनही पंखा फिरत नसेल तर हुकूम पोचतोय, घोडा थकलाय.

चौथा सेन्सरला आणि कॉम्प्युटरला. एसी लावल्यावर पंखा फिरतो आणि नुसत्या उष्णतेने फिरत नाही, तर मोटर, फ्यूज, रिले बहुतेक निर्दोष आणि शंका सेन्सरवर.

आणि पाचवा, सर्वांत विसरला जाणारा, पाण्याला. पंखा काढताना रेडिएटर सोडवला असेल तर कूलंट सांडलेलं असतं. पुन्हा भरताना आत हवा अडकली तर सेन्सर हवेच्या फुग्यात बसतो. इंजिन उकळतंय आणि सेन्सरला वाटतंय सगळं गार आहे. त्यामुळे पंख्याला हुकूमच जात नाही. हवा काढून पाणी पूर्ण भरलं की पंखा आपोआप शहाणा होतो.

दोन गोष्टी मात्र पाळाच. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. दाबाखाली ते पाणी शंभर अंशांवरही उकळलेलं नसतं आणि झाकण सैल होताच एकदम उसळतं. आणि पंख्याजवळ हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढायची, कारण किल्ली काढलेली असली तरी काही गाड्यांत पंखा मनात येईल तेव्हा सुरू होतो. काटा लाल रेषेवर गेला की गाडी बंद, "एवढं फाटक ओलांडू" नाही. ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की पंख्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

असो. पट्ट्याचा काळ परत यावा असं मला वाटत नाही. फाटकाशी उभं राहून रेस देत बसण्यापेक्षा हा पंखा शंभरपट बरा. पण त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये जी मंडळी येऊन बसली आहेत, ती नवी मोटर आणल्याने बदलत नाहीत, तिथेच असतात. त्यांची निदान नावं तरी माहीत असावीत.

तेव्हा उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी, विशेषतः सोबत कुणी म्हातारं माणूस असेल तर, गाडी अंगणात पंधरा मिनिटं नुसती चालू ठेवा. पंखा लागला पाहिजे, कागद चिकटला पाहिजे, आणि काही वेळाने पंखा बंद झाला पाहिजे. या तिन्ही गोष्टी झाल्या की मग खुशाल निघा.